किसनमामांची नॅशनल

आमच्या गल्लीत रोज सकाळी सहाला किसनमामा ओरडायचे, "झाड! झाड! आजून झाड!" नव्या भाडेकरूला वाटायचं, म्हातारा बायकोकडून अंगण झाडून घेतोय. पण मामी दोन वर्षांपासून लातूरला लेकाकडे होत्या. मामा ओरडायचे ते एका दगडामागं पळताना, स्वतःलाच.

दगड मामींच्या जात्याचा. वरचा, खुंटा असलेला. मामांनी मोबाईलवर कर्लिंग नावाचा खेळ पाहिला. बर्फावरून मूठ असलेला जड दगड सरकवायचा, आणि तो लांब, सरळ जावा म्हणून जोडीदारानं त्याच्या पुढं झाडूनं बर्फ घासत पळायचं. लांब गोल आखलेले असतात. मधल्या गोलाच्या जास्त जवळ ज्याचा दगड, तो जिंकला. मामा विष्णुपुरीच्या धरणावर दरवाजे वर-खाली करायच्या नोकरीत म्हातारे झाले. ते म्हणतात, "तिथं दिसभर बसून पाण्याकडं बघायचो. सबुरीचं काम. ह्यो खेळ माझ्यासाठीच काढलाय."

नांदेडात बर्फ दिसतो तो रसवंतीवर, भुशात गुंडाळलेला. म्हणून मामांनी अंगणातल्या शहाबादी फरशीवर साबणाचं पाणी ओतलं आणि टोकाला, नालीच्या अलीकडं, कोळशानं गोल काढले. पण दगड हलेना. दळण बारीक यावं म्हणून जात्याला खालून टाकी लावलेली असते, म्हणजे छिन्नीनं पाडलेल्या बारीक खाचा, ती फरशीला धरून बसली. मग मामांनी आठ दिवस तो दगड वाळू घालून घासला. टाकी पार गेली. नवव्या दिवशी दगड असा सुटला की गोल ओलांडून थेट नालीत.

दूधवाला साबणावरून दोनदा घसरला. म्हणाला, "मामा, हे काय करून राहिले?"

"नॅशनलची तयारी. मजाक न्हाई."

मामांनी झेरॉक्सच्या दुकानातून राष्ट्रीय स्पर्धेचा फॉर्म काढून आणला होता. जोडी एक बाई आणि एक पुरुष अशीच पाहिजे. एक दिवस मी आमच्या दारात झाडत होते, तर मामा कंपाउंडवरून बघत उभे. म्हणाले, "सुमन, तुझा हात झाडूला लई चांगला हाय."

मला किराणा दुकानात चार माणसं असली तर साखर मागायला लाज वाटते. मी पदर तोंडाला लावून म्हटलं, "मामा, मला न्हाई जमायचं."

"तुला कोण म्हणलं खेळ म्हणून? नाव लिहून झालंय." त्यांनी खिशातून फॉर्म काढून दाखवला. सगळा इंग्रजीत, आणि बाईच्या रकान्यात मराठीत मोठ्या अक्षरात, अनुसया. म्हणजे मामी. "तिला फोन लाव."

"तुम्हीच लावा की."

"मी कसा लावू? मी बोलावून राहिलो असं वाटंल तिला."

मामी सुनेच्या बाळंतपणाला सव्वा महिन्यासाठी गेल्या होत्या. ते लेकरू आता घरभर पळत होतं. भांडण काही नाही. रोज संध्याकाळी फोन व्हायचा, भिंतीपलीकडून मला ऐकू यायचा. "हाव. जेवलो. भाकर. हाव. ठेव." दोन वर्षांत 'ये' असं मामा म्हणाले नाहीत आणि 'येऊ का' असं बहुतेक मामीही विचारत नसतील.

मी फोन लावला. नॅशनलचं सांगितलं तर मामी म्हणाल्या, "म्हाताऱ्याचं डोकं फिरलं का? लेकरू कोण बघंल?" आणि फोन ठेवायला निघाल्या. मामा बाजूला उभे राहून हातानं जातं फिरवल्यासारखं करत होते. मी घाईनं म्हटलं, "मामी, तुमच्या जात्याची टाकी गेली."

पलीकडून आवाज चढला, "कोणाच्या जात्याची?"

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मामी पिशवीसकट दारात. "माझ्या आईनं दिलेलं जातं! तुम्हाला हात लावायला कोणी सांगितलं?" मामा वाकले आणि दगड सोडला. दगड नालीकडं निघाला तशा मामी किंचाळल्या, "माझं जातं!" कोपऱ्यातला खराटा उचलून त्या दगडापुढं पळाल्या आणि सपासप सगळं साबणपाणी बाजूला लोटलं. कोरड्या फरशीवर दगड अडला, तो बरोबर मधल्या गोलात.

"अनुसया," मामा म्हणाले, "उलटं झाडलीस. पण काय झाडलीस!"

मामी धापा टाकत हसल्या. मग बराच वेळ हसतच होत्या.

मी चहा केला. मामींनी फॉर्म उलटा-सुलटा करून बघितला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी तो माझ्याकडं दिला. "सुमन, बघ गं. भरायची शेवटची तारीख कवा हाय? तवर ऱ्हाईन म्हणते, मग जाईन लातूरला."

मामांनी बशी तोंडाला लावलेली, तशीच राहिली.

मी चौथी शिकले. इंग्रजी येत नाही, पण आकडे कोणत्याही भाषेतले नीट वाचते. तारीख खालीच होती, जाड शाईत. ती महिन्यापूर्वीच होऊन गेली होती, आणि तिच्याखाली मामांच्या पेन्सिलची रेघ ओढलेली होती.

"इंग्रजीत आहे मामी," मी म्हटलं. "मला नाही येत वाचता."

"लांब असंल मग," मामी म्हणाल्या आणि पिशवी खुंटीला अडकवायला उठल्या. मामांनी चहा एका घोटात संपवला आणि माझ्याकडं न बघता रिकामी बशी माझ्या हातात दिली.

आता सकाळी सहाला गल्लीत दोन आवाज येतात.

"झाड! झाड! आजून झाड!"

"तुम्हीच झाडा! आन् आधी टाकीवाल्याला बोलवा!"

टाकीवाला अजून काही मामांना सापडलेला नाही.