लागलं की गा!

गेल्या अकरा वर्षांत माझ्या तोंडून एकही शिवी निघालेली नाही! आणि मी सुतार आहे, हे लक्षात घ्या. शिवी न देता खिळे ठोकणं म्हणजे झाकण न उडवता दूध उकळणं!

अडचण होती ती माझ्या दोन कारागिरांची. एक मेव्हणा आणि दुसरा पॉलिशवाला, ज्याला सगळे दाढी म्हणतात. दोघंही मनाने लोणी, पण तोंड म्हणजे तुंबलेलं गटार! इकडे मला तर चर्चमध्ये प्रवचन गायचं होतं. हो, गायचं! ऑर्गनच्या सुरावर, कडव्या-ध्रुपदासकट. असं प्रवचन ऐकलं की माझ्या डोळ्यांना धारा लागतात.

चार वर्षं पाळकसाहेबांच्या मागे लागलो होतो. शेवटी ते चर्चसाठी नवा बाक सांगायला दुकानात आले आणि नेमका तेव्हाच मेव्हण्याच्या अंगठ्यावर हातोडा बसला. पुढची दोन मिनिटं पाळकसाहेब छताकडे बघत उभे होते.

"तुम्हाला 'आपली जीभ' हा विषय देणार होतो," ते हळूच म्हणाले. "आधी दुकान सुधारा. मग गा."

"महिन्याभरात सुधारतो!" मी छाती काढली.

नियम केला. लागलं की शिवी द्यायची नाही, माझ्या प्रवचनाचं ध्रुपद गायचं: 'प्रभू, माझ्या जिभेला दे मधाची गोडी!' आणि ज्याच्या कानावर पडेल त्याने हातातलं काम टाकून औषधाची पेटी घेऊन धावायचं.

"बोटच तुटलं तर?" दाढीने विचारलं.

"दोनदा गा!"

सुरुवातीला मेव्हणा दात खाऊन असा काही 'मधाची' म्हणायचा, की मधमाश्यांनी पोळं सोडून पळावं! पण तिसऱ्या आठवड्यात दोघं सुरात आले. पाळकसाहेबांनी येऊन स्वतःच्या कानांनी ऐकलं. "रविवारी गा!"

रविवार उजाडला. ऑर्गनवर बायको. नवा बाक सगळ्यात पुढे, माझ्यापासून हातभर. त्याला पॉलिशचा शेवटचा हात दाढीने त्याच दिवशी सकाळी मारलेला. ओल्या बाकावर चुकून कोणी बसू नये, म्हणून आमचे दोन शहाणे स्वतःच त्यावर बसून राखण करत होते!

मी डोळे मिटले आणि ध्रुपद उचललं, "प्रभू, माझ्या जिभेला..."

"कुठे लागलं?" दाढी किंचाळला.

डोळे उघडतो तो काय, दोघं माझ्याकडे झेपावलेले! मेव्हण्याच्या हातात सवयीने सोबत आणलेली औषधाची पेटी, आणि दोघांच्या पँटींना चिकटलेला अख्खा बाक!

"भावजी, बोट दाखवा, बोट!"

"अरे, मला काही लागलेलं नाही! हे प्रवचन आहे!"

तेवढ्यात बाक सुटला आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर आला.

तोंडासमोर माइक. अकरा वर्षं गिळलेलं सगळं घशाशी आलं. ऑर्गनवर बायकोचे हात थिजले. मी तोंड उघडलं आणि "प्रभू, माझ्या जिभेलाऽऽ" असा टाहो फुटला, की खिडक्यांची तावदानं थरथरली! मागून सगळ्या मंडळीने ध्रुपद उचललं. बायाबापड्या रडायला लागल्या.

"एवढी कळकळ मी आजवर ऐकली नाही," पाळकसाहेबांनी मला मिठी मारली. "आता दर महिन्याला गायचं!"

घरी पोहोचलो तो जमिनीपासून चार बोटं वर, म्हणजे एका पायाने. दुसरा बायकोने मांडीवर घेतला.

"गायलात मात्र छान हो," पट्टी बांधता बांधता ती म्हणाली. "फक्त 'प्रभू'च्या आधी एक अक्षर जास्तीचं आलं."

"कुठलं?"

"मी नाही बाई उच्चारणार."

काय बोलू? तोंडाला गाणं शिकवता येतं. मन मात्र देवाच्याच हाती द्यावं लागतं, रंधा मारायला. बरंच आहे अजून तासायचं!

असो. गेल्या रविवारपासून माझ्या तोंडून एकही शिवी निघालेली नाही. अर्धीसुद्धा!