बेहलूल उस्ताच्या कॉफीची सरकारी चौकशी

राज्याला चालून येणाऱ्या शत्रूपेक्षा बसलेल्या माणसाची भीती जास्त. शत्रू लांबून दिसतो. बसलेला माणूस काय बोलतोय ते जवळ जाऊन ऐकावं लागतं. इस्तंबूलच्या तख्तकले मोहल्ल्यात हे राष्ट्रकार्य मी करतो. (नाव विचारू नका. दरबारी हेराला नाव नसतं, फक्त पगार असतो, तोही उशिरा.)

येमेनहून ही काळी कॉफी आली आणि माणसं बसायला लागली. आधी त्यांना मशीद आणि घर एवढंच होतं, आणि दोन्हीकडे बोलायचा मान दुसऱ्याचा. आता न्हावीसुद्धा बोलू लागला. तेव्हा सरकारने अत्यंत दूरदृष्टीने चौकशी समिती नेमली. मुद्दे असे: कॉफीने नशा चढते काय, दाणा भाजून त्याचा कोळसा होतो काय (कोळसा पोटात घालणं निषिद्ध), आणि पिणारा वजीरसाहेबांना नावं ठेवतो काय. एकही मुद्दा सिद्ध झाला तर आमच्या मोहल्ल्यातल्या बेहलूल उस्ताचं कॉफीचं दुकान बंद, भांडी समुद्रात, आणि भांड्यांमागोमाग पोत्यात बांधून खुद्द बेहलूल. (पोतं सरकारी खर्चाने. आमचं सरकार मनाचं मोठं.)

अध्यक्ष लुत्फी एफेंदी, म्हणजे लुत्फीसाहेब. त्यांनी कॉफी कधी तोंडाला लावलेली नव्हती, म्हणून तज्ज्ञ. सोबत एक हकीम. ते कॉफीला विष म्हणून आधीच मोकळे झालेले, म्हणून निःपक्षपाती. लेखनिक मी.

बेहलूलने प्रत्येकापुढे कॉफी आणि पाण्याचा पेला ठेवला. चाचणी निर्दोष व्हावी म्हणून लुत्फी एफेंदींनी तोंड स्वच्छ करायला आधी पाणी उचललं, आणि तिथेच घात झाला. आमच्याकडे पाहुण्याने आधी पाणी घेतलं म्हणजे तो उपाशी आहे. मग त्याला जेवू न घालता सोडणं म्हणजे घराण्याला बट्टा.

"अगं गुलफेम," बेहलूल बायकोला ओरडला, "एफेंदी उपाशी आलेत गं! पुलाव टाक!"

"अहो, मी चौकशीला आलोय!"

"उपाशीपोटी कसली डोंबलाची चौकशी?" आतून गुलफेम हानम म्हणाली. "बसा गुपचूप. वांगी होतच आलीत."

पुलाव झाला, वांगी झाली, मटण दोनदा झालं. एवढ्या जेवणावर कॉफी ही चाचणी राहत नाही, औषध होतं. लुत्फी एफेंदींनी एक घोट घेतला, डोळे मिटले. दुसरा घेतला, डोळे उघडले. मग मांडी घालून ऐसपैस बसत म्हणाले, "काय हो हकीम, मिठावर कर बसवणारा आपला वजीर गाढव आहे की नाही?"

"उगाच गाढवाला कशाला नावं ठेवता?" हकीम म्हणाले.

माझी लेखणी थबकली. तिसरा मुद्दा सिद्ध झाला होता, पण समितीवरच! तिघांची तोंडं उतरली. बेहलूल तर समुद्राकडेच बघत होता. खरं सांगतो, मी आधी माझाच हिशेब केला. हा माणूस गेला तर मी हेरगिरी बसून करायची कुठे?

लुत्फी एफेंदींनी घसा खाकरला. "लिहा. निष्कर्षाप्रत येण्यासाठी आणखी चाचण्या आवश्यक. तोवर दुकान बंद करणं म्हणजे सरकारी पुरावा नष्ट करणं होय."

बेहलूल ढसाढसा रडला.

"रडता काय? उद्या मासे करा," अध्यक्ष म्हणाले.

चौकशी अजून चालू आहे. सभासद मात्र भलतेच वाढलेत. देशोदेशी रोज सकाळी चाचण्या चालतात. आपणही समितीवर असालच. असू द्या, कप आता लपवून उपयोग नाही. पहिल्या घोटानंतर सरकारबद्दल आपण जे बोललात, ते मी शेजारीच बसून लिहून घेतलंय.