राजवाडीच्या उंच बांधाची हकीकत

श्री समुद्रदेव शांत असो. सरकारची आज्ञा जाहली की, राज्यात पाणी कैसे शिरले ते खरे खरे लिहिणे, कोणाची भीड न धरणे; त्यावरून आठवले तैसे लिहिले असे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर. राज्य खाडीचे काठी, जमीन भरतीच्या पाण्याहून सखल, आणि मध्ये मातीचा बांध, त्यावर सर्वांचे भात आणि सर्वांचा जीव. चाल ऐसी की, ज्या वाडीसमोर जितका बांध तितका त्या वाडीने राखावा. दुसऱ्याचे वाटणीस हात लावणे म्हणजे त्याचे अब्रूस हात लावणे. वडिलांचे वेळी हे बरे चालले, कारण समुद्र तेव्हा आपले जागी होता. पुढे मुलुखोमुलखी कोळसा आणि तेल जळून धूर आभाळी साठला, उष्मा वाढला, पाऊस अवेळी कोसळू लागला आणि दर साली भरती थोडी थोडी वर चढू लागली. जाणत्यांनी दरबारी अर्ज केला, तेव्हा दरबारात गारव्याची यंत्रे अष्टौप्रहर चालत होती आणि दिवाण विसाजीपंत शाल पांघरून बसले होते. ते म्हणाले, "उष्मा कोठे आहे?" ऐसे आमचे दिवाण!

मग महाराजांचे राजवाडीने आपला बांध हातभर उंच केला, आणि त्यास लाकडी मेढी पाहिजेत म्हणून खाडीतील तिवरांचे रान तोडिले. ते पाहोन शेजारचे वाडीने तैसेच केले, मग तिचे शेजारणीने. उरली खालची वाडी. तेथील पुरुष होड्यांवर, माणूसबळ थोडे, बांध ठेंगणा तो ठेंगणाच. साऱ्यांनी अडविलेले पाणी तेथे लोटले, भातखाचरे खारावली, आणि गोड्या पाण्याची एकच विहीर, तीही मचूळ होऊ लागली. तेव्हा वाडीची म्होरकी चांगुणाबाई कोळीण दरबारी येऊन म्हणाली, "म्हाराज, तुमी बांध उंच केलाव, त्यो पानी आमचेकडं आयला. हीर गेली तं वाडी उठली. मानसा द्या, आमचा बांधबी उचला." महाराज पंतांकडे पाहते जाहले. पंत बोलिले, "बाई, तुमचे वाटणीस आम्ही हात लावणे, हा तुमचा अपमान होईल." बाई म्हणाली, "करा अपमान." तरी दरबार बरखास्त जाहला.

आषाढ अमावास्येस उधाण आले, त्यात वारा आणि अतोनात पाऊस मिळाला. लाट अडवावयास तिवर राहिले नव्हते. खालचे वाडीचा बांध फुटला, विहीर बुडाली, आणि पाणी खाचरांतून फिरून मागचे बाजूने राजवाडीत शिरले. महाराज माडीवर चढले. मग ओहोटी लागली, खाडी उतरली, परंतु राजवाडीतले पाणी जाईना. पाणी सोडावयाची उघाडी बांध वाढविताना मातीत गाडली गेली होती, आणि उंच बांधाने सारे आत कोंडून धरिले. तेव्हा स्वतः महाराजांनी आपलेच बांधावर कुदळ घातली, आणि कमरभर पाण्यातून खालचे वाडीची माणसे मदतीस आली, चांगुणाबाई पुढे. महाराजांस लज्जा वाटली. म्हणाले, "बाई, आमचे वाटणीस तुम्ही हात लावता?" बाई म्हणाली, "आता कसली वाटनी? खना."

मग ती चाल मोडिली. साऱ्या वाड्यांनी मिळोन एक बांध धरिला, सखल तेथे माती आधी; खाडीकाठच्या खाजणात तिवरांची रोपे लाविली; कोळशाच्या भट्ट्या विझविल्या, छपरांवर सूर्यतेजाच्या पाट्या बसविल्या, दरबारची यंत्रे बंद जाहली आणि पंतांची शाल सुटली. शेजारचे राज्यांस वकील रवाना केले की, धूर तुमचाही आहे, आवरा. कोणी ऐकिले, कोणी हसले. खालची वाडी उठली नाही, माणसे तेथेच राहिली, परंतु तिची विहीर अद्याप खारीच आहे, बाया राजवाडीहून पाणी नेतात.

तात्पर्य, समुद्राने आमची वाटणी मानिली नाही, आणि हे आम्हांस घरात पाणी आल्यावर कळले. खोटे कशास लिहावे, भय वाटते. रोपे गुडघ्याएवढी आहेत आणि परवा पुन्हा अमावास्या. आज बांधावर माती टाकावयाची पाळी आमची आहे, सबब लेखन येथे राहिले.