जागृत टाकी

मुलांनो, मांडी घालून बसा. ज्यांची मांडी आता वळत नाही, त्यांनी माझ्यासारखं खुर्चीत बसावं.

एका जंगलात, जिथे सगळे प्राणी एकमेकांना 'सर' म्हणायचे, जांभळाच्या सिरक्याचा कारखाना होता. मालक वाघ. मॅनेजर तरस. वेल्डिंगला साळूताई साळिंदर.

नवी स्टेनलेस स्टीलची टाकी साळूताईनेच जोडली. तिचं बीळ टाकीच्या अगदी खाली. बिळात दोन पिल्लं.

"सर, दोन दिवस द्या," ती तरसाला म्हणाली. "स्टीलवर गंज अडवणारी पातळ साय असते, ती वेल्डिंगने सांध्यावर जळलीय. काळंनिळं झालंय बघा. हे ॲसिड लावून धुतलं नाही, तर तिथे गंज धरेल."

तरस हसला. त्याला दुसरं काही येत नसे.

"ताई, स्टेनलेसला कधी गंज लागतो का? लागला असता तर एवढं महाग कशाला मिळालं असतं? उद्या खंडेनवमी. साहेब नारळ फोडणारेत."

नारळ फुटला. टाकीला हळदकुंकू वाहिलं. आत खारट-आंबट सिरका भरला.

महिन्याभरात सांध्यावर तांबूस ठिपके उठले.

"सर, गंज."

"कुंकू आहे ते. पूजेचं."

"पुसलं तरी परत येतंय."

"मग जागृत असणार."

झालं. हरिणी ओटी घेऊन यायला लागल्या. हसू नका. माझ्या स्टीलच्या डब्यावरच्या गंजाला मी पाच वर्षं मसाल्याचा डाग म्हणतेय.

मग सांध्यातून थेंब गळायला लागले. तरसाने खाली तांब्या ठेवला आणि तीर्थ वाटलं. चार थेंब बिळातही पडले. पिल्लांचे डोळे चुरचुरले. साळूताईने पिल्लं उचलली आणि टेकडीवर बिऱ्हाड हलवलं.

"श्रद्धाच नाही हो काहींना," एक हरिणी म्हणाली.

सोमवारी वाघ प्रदक्षिणा घालत असताना सांधा उसवला. सगळा सिरका त्याच्या अंगावर. बीळ तुडुंब भरलं.

निथळणाऱ्या वाघाने विचारलं, "हे होणार, हे आधी कोणाला माहीत होतं?"

सगळ्यांनी साळूताईकडे बघितलं.

"मी चारदा सांगितलं होतं, सर."

"म्हणजे चारदा माहीत होतं. तरी होऊ दिलंत?"

साळूताईची नोकरी गेली. नव्या टाकीचं काम तरसाकडे आलं. तो हसला.

तात्पर्य : गंज दिसला की हात जोडावेत. बोट दाखवू नये.