निऱ्या दिसणारा रेडिएटर

खोली गरम ठेवणारा रेडिएटर विकत घ्यायला जाताना खानझोडे काका बरोबर साडी घेऊन जायचे. काकूंची जांभळी, जरीच्या काठाची, नीट घडी करून कापडी पिशवीत. पहिल्यांदा ती पिशवी गाडीत माझ्या मांडीवर आली तेव्हा मला वाटलं, वाटेत ड्रायक्लीनला टाकायची असेल. विचारायचा धीर झाला नाही. तेव्हा मला कोणालाच काही विचारायचा धीर होत नसे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि तीही हिंगोलीहून थेट कॅनडातल्या किचनरला. काका-काकूंच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. घरमालक "चल गं, जरा दुकानात जाऊन येऊ" म्हणाले की नाही कसं म्हणायचं, हे मला येत नव्हतं.

काका मूळचे नागपूरचे, रिटायर झालेले मेकॅनिकल इंजिनिअर. कुठलीही वस्तू "लोडवर" बघितल्याशिवाय घ्यायची नाही, हा त्यांचा नियम. गादी घ्यायची होती तेव्हा घरून उशी आणि पांघरूण नेऊन दुकानातच दुपारची झोप काढून आले. सिंक घेताना घरातला सगळ्यात मोठा कुकर नेला आणि प्रत्येक सिंकमध्ये तो आडवा, उभा, तिरका घालून पाहिला. खुर्ची घेताना तिच्यावर बसून अख्खं वर्तमानपत्र वाचलं, शब्दकोड्यासकट. "रिकामी वस्तू सगळीच चांगली दिसते बाप्पा," ते म्हणत. "लोडवर बघायची!"

आता त्यांना हवा होता आरसा बसवलेला रेडिएटर. आरशाचा लोड म्हणजे कोण, तर त्यात बघणारं माणूस. आणि त्यांच्या घरात आरशाची खरी गरज काकूंना, साडी नेसताना. म्हणून साडी.

हे सगळं सुरू झालं इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमापासून. एका शाळेच्या हॉलमध्ये मंडळी जमली होती. काकू छान तयार होऊन आल्या, पण साडी उलटी नेसलेली. काठाची दोऱ्यांची बाजू बाहेर. एक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अहो वहिनी, साडी उलटी नेसलात की!" सगळे हसले. काकूही हसल्या. पण त्यानंतर त्यांनी साडी नेसली नाही आणि कुठे गेल्याही नाहीत. भजनाला नाही, कोणाच्या घरी वाढदिवसाला नाही. दिवसभर गाऊनवर स्वेटर घालून हॉलमध्ये बसायच्या. जानेवारीत मंडळाचं हळदीकुंकू होतं. तिथे वाण वाटायचा मान दरवर्षी काकूंचा. "यंदा मी नाही," त्या म्हणाल्या. "थंडी फार आहे."

काकांना हा सरळसरळ हीटिंगचा प्रश्न वाटला. जेवताना त्यांनी पेपर नॅपकिनवर बेडरूमचा नकाशा काढला. "बघ. लोखंडी रेडिएटर इथे. आरसा तिथे, पॅसेजमध्ये, अंधारात. थंडीत माणूस घाईत नेसतो, घाईत साडी उलटी होते. मग उपाय काय? ऊब आहे तिथेच आरसा पाहिजे."

"अहो, मग रेडिएटरच्या बाजूला खिळा मारून आरसा टांगा ना."

"खिळ्यातून ऊब येते का?"

"माझ्या साडीपायी घर खोदू नका म्हणजे झालं," असं म्हणून काकूंनी त्याच नॅपकिनने टेबल पुसलं.

दोन दुकानं नापास झाल्यावर आम्ही वॉन नावाच्या शहरात गेलो. मोठमोठ्या गोदामांच्या मध्ये एक शोरूम होती. तिथला सेल्समन जसप्रीत माझ्याच वयाचा असावा.

"अंकल जी, ये पूरा इटालियन मॉडल है. मिरर भी, हीटिंग भी. टॉवल टाँगो, मस्त गरम."

"टॉवेल छोडो. साडी का बोलो."

"साड़ी सुखानी है?"

"पहननी है."

जसप्रीतने माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं.

"तुझी उंची काकूएवढीच आहे," काका मला म्हणाले. "नेस बरं. जीन्सवरच नेस."

"काका, इथे?"

"मग कुठे? वॉशरूममध्ये बसवलेत का त्यांनी रेडिएटर?"

माझे कान तापले. कॅनडात आल्यापासून मी पहिल्यांदाच कोणाला तरी "नको ना" म्हणाले.

"बरं," काका अजिबात न रागावता म्हणाले. त्यांनी आपल्या जाड पार्का कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली, वरून बेल्ट बांधला, पिशवीतून साडी काढली आणि बेल्टमध्ये खोचायला सुरुवात केली. बोटांवर निऱ्या अशा सरसर पडत गेल्या की मी बघतच राहिले. मला इतक्या सारख्या निऱ्या आजही येत नाहीत.

"काय बघून राहिली? लग्नापासून खाली बसून तिच्या निऱ्या धरतोय. वरचं काम बघून बघून आलं."

बाथटब बघायला आलेली एक गोरी आजी थांबली. "लव्हली कलर, डियर."

"थँक्यू," काका पदर सावरत म्हणाले. "इट्स माय वाइफ्स."

पहिल्या मॉडेलचा आरसा गुडघ्यापाशी संपत होता. "निऱ्या दिसत नाहीत. रिजेक्ट." दुसऱ्यात आरसा अरुंद आणि दोन्ही बाजूंना पाइप. "खांदा दिसतो तर पदर गायब. रिजेक्ट." तिसरा थेट जमिनीजवळपर्यंत होता. तो काकांनी चालू करायला लावला आणि घामाघूम होईपर्यंत त्याच्यापुढे उभे राहिले, आरशावर वाफ धरते का ते बघायला. मग गर्रकन वळून पाठ बघितली.

एव्हाना जसप्रीतही कामाला लागला होता. "अंकल जी, पल्लू थोड़ा और लंबा लो. मेरी मौसी ऐसे ही लेती है."

काकांनी पदर लांब घेतला. तोही पूर्ण दिसला. रेडिएटर पास झाला.

तो बसवायला प्लंबर आला तो नेमका हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी, आणि दुपारी काम उरकून गेला. काकू अजून गाऊनमध्येच होत्या.

"एकदा उभी तर राहा," काका म्हणाले. "लोडवर बघायचं आहे."

"एवढा खटाटोप केलाय म्हणून नेसते. पण जाणार नाही हं."

मला पिना द्यायला बोलावलं. काकांनी साडी सुलटी करून, काठ वर धरून काकूंच्या हातात दिली. काकूंनी निऱ्या घातल्या, काका गुडघ्यांवर बसून त्या खालून धरत होते. तेवढ्यात माझं लक्ष आरशाकडे गेलं. त्यावरची पांढरी प्लास्टिकची फिल्म प्लंबरने काढलीच नव्हती. साय धरलेल्या दुधासारखी होती ती, आरपार काही म्हणजे काही दिसत नव्हतं. काकांच्याही ते ध्यानात आलं. ओढून काढायला त्यांनी खालचं टोक चिमटीत धरलं.

"वा," काकू समोर बघत म्हणाल्या. "आरसा स्वच्छ आहे हो. काठ कसा उठून दिसतोय."

काकांचा हात तिथेच थांबला. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी खालूनच मान हलवली. मग अगदी हळू त्या फिल्मचं टोक सोडून दिलं.

"निऱ्या बघ," ते म्हणाले. "ठीक आहेत?"

काकूंनी मान तिरकी केली. "डावीकडची एक वर गेलीये."

एकही वर गेली नव्हती. काकांनी वाकून ती निरी धरली आणि होती तिथेच परत सोडली. "आता?"

"आता बरोबर." काकूंनी पदर खांद्यावर सारखा केला. "नेसलेच आहे तर जाऊन येऊ का?"

बूट घालताना काका माझ्या कानाशी आले. "डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ मी घेतो. तिच्याशीही मीच बोलतो. पण आज नाही. आज तिला जाऊ दे."

बाहेर बर्फ होता, त्यामुळे काकूंचा हात धरायला निमित्त शोधावं लागलं नाही. हॉलमध्ये त्या वाण वाटत होत्या तेव्हा मी शेजारी उभी राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकीला मोठ्याने नावाने हाक मारली. "या, जोशी काकू!" "या, स्मिता ताई!" एवढ्या मोठ्याने मी वर्गातही कधी बोलले नव्हते. काकू नाव ऐकायच्या आणि त्याच दिशेला हसून वाण पुढे करायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका बेसमेंटच्या जिन्यात आले. "वर ये. मिक्सर लाव. मी सांगेपर्यंत बंद करू नको."

"काय वाटू?"

"काहीही वाट. आवाज पाहिजे."

ते बेडरूममध्ये गेले आणि दार लावून घेतलं, तेव्हा मला उमगलं. ती फिल्म ओढताना मोठा चर्र आवाज होणार होता, आणि काकू हॉलमध्येच बसल्या होत्या. मी हाताला लागले ते शेंगदाणे भांड्यात टाकले आणि मिक्सर सुरू केला.

"काय वाटतेस गं एवढं?" काकूंनी विचारलं.

"चटणी, काकू!"

"शेंगदाण्याची ना? अगं, तेल सुटेल तिला. बंद कर आता."

बेडरूमचं दार अजून बंदच होतं. मी शेंगदाण्यांची आणखी एक मूठ टाकली आणि मिक्सरचा स्पीड वाढवला.