काळ्या नखांचा तपास

सरावाच्या तिसऱ्या आठवड्यात उजव्या पायाच्या अंगठ्याचे नख काळे पडले, चौथ्यात डाव्या पायाच्या. पायावर काही पडले नव्हते. ठेचही लागली नव्हती.

नखांचे मालक वजनमापे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत अधिकारी होते. लेक पुढच्या महिन्यात शिकायला परगावी निघणार होती आणि त्याआधी दोघांनी मिळून डोंगर चढायचा, असे ठरले होते. त्यासाठी नवे बूट शिवून घेऊन अधिकारी रोज सकाळी पुलाचा चढउतार पायाखाली घालत होते. आता घरातल्या घरात लंगडत होते.

"बुरशी आहे ती," आई म्हणाली.

"पुरावा?"

"मी तुझी आई आहे, हाच पुरावा."

बायकोचा संशय मोज्यांच्या रंगावर होता. अधिकाऱ्यांनी दोन्ही तर्क रीतसर तपासले: उजव्या पायात पांढरा मोजा, डाव्यात काळा, आणि बुरशीचे मलम फक्त डाव्या अंगठ्याला. कचेरीत साहेबांनी पहिल्या दिवशी मोज्यांकडे पाहिले, दुसऱ्या दिवशी चेहऱ्याकडे, आणि तिसऱ्या दिवशी आपणहून रजा देऊ केली. नखे दोन्हीकडे सारखीच काळी राहिली.

"बाबा, बूट तपासले का?" लेकीने विचारले.

"त्यात काय तपासायचं? पायाचं माप मी स्वतः घेतलंय, दशांश मिलिमीटरपर्यंत. तो कारागीर पुढे बोटभर जागा सोडतो म्हणत होता. मी सोडू दिली नाही."

लेक त्यांना डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. तिथे मोजा काढताना उजवे नख मोज्यातच राहिले. अधिकाऱ्यांनी ते नमुन्याच्या पिशवीत घातले, चिठ्ठीवर तारीख लिहिली आणि 'कारण' या शब्दापुढची जागा मोकळी ठेवली.

"बुरशी नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ती असती तर नख जाड, ठिसूळ झालं असतं. हे आतलं साकळलेलं रक्त आहे. नख सारखं कशावर तरी आपटतंय. जागा स्वच्छ, कोरडी ठेवा, वर पट्टी बांधा. डावं नख ओढू नका, सुटायचं तेव्हा सुटेल. नवीन पुरतं यायला वर्ष तरी लागेल. पण मुळाशी बघा, निघालंय."

"आणि डोंगर?"

"दोन आठवड्यांनी खुशाल चढा. बूट मात्र बदला."

"बुटांचं माप अचूक आहे."

लेकीने टेबलावरची मोजपट्टी उचलली. "बाबा, उभे राहा."

"मी बसून मोजलंय ना, तेच येणार."

"राहा हो उभे!"

तिने मोजले. मग अधिकाऱ्यांनी वाकून पट्टी स्वतः वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. पाय सहा मिलिमीटर वाढला होता.

परतताना ते कारागिराच्या दुकानात शिरले. "बोटभर सोडा," एवढेच म्हणाले.

ठरल्या रविवारी बापलेक माथ्यावर पोहोचले, आणि उतरूनही आले. घरी आल्यावर अधिकाऱ्यांनी पिशवी काढली आणि चिठ्ठीवरची मोकळी जागा भरली:

'पाय बसून मोजला. चालणे उभ्याने झाले.'