कुमुदताईंचं शेवटचं दुकान

कुमुदताईंना घेऊन दुकानात जायचं, तर आपली खरेदी होणार नाही हे गृहीत धरावं लागतं. आपण दूध आणायला गेलेलो असतो. दूध घेऊन येईपर्यंत कुमुदताई टॉवेलांच्या फळ्यांपाशी कार्डिगनच्या बाह्या वर सारून उभ्या असतात आणि दुकानातले झाडून सगळे टॉवेल त्यांनी खाली काढलेले असतात. "विनायक, तो निळा गठ्ठा दे जरा," असं त्या मागे न बघताच म्हणतात. मी देतो. चार वर्षं देतोय.

दुकान अर्थातच त्यांचं नसतं. पण टॉवेल कोंबून ठेवलेले त्यांना बघवत नाहीत. "वस्तूला श्वास घेऊ द्यावा रे," हे त्यांचं पहिलं सूत्र. "गिऱ्हाइकाचा हात लागला की निम्मी विक्री झाली," हे दुसरं. एकदा एका गोऱ्या बाईंनी त्यांना विचारलं, "एक्स्क्यूज मी, डू यू वर्क हिअर?" कुमुदताईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि आपल्या खास इंग्लंडच्या इंग्रजीत म्हणाल्या, "आय डू नाऊ, माय डिअर." त्या बाई सहा टॉवेल आणि एक पायपुसणं घेऊन गेल्या. दुकानाच्या मॅनेजरनं दोनदा गोडीत सांगून बघितलं आणि तिसऱ्यांदा आम्हा दोघांना दारापर्यंत सोडायला आला. मी कौंटीच्या ऑफिसात ट्रॅफिक सिग्नलची वेळापत्रकं लावणारा सरळमार्गी माणूस. आयुष्यात मला कुठून बाहेर काढलं असेल तर ते तिथून. गंमत म्हणजे पुढच्या आठवड्यात मी एकटाच दबकत गेलो, तर टॉवेल कुमुदताईंनी लावले होते तसेच्या तसे होते.

नवरा गेल्यावर कुमुदताई दोन हजार दोन साली अमेरिकेत, जॉर्जियातल्या आमच्या अल्फारेटा गावी राहायला आल्या. लीना म्हणून दातांची डॉक्टर आहे, आमच्या घरापासून तिसरं घर, तिच्या या आई. वय सत्तरीकडे झुकलेलं, अंगावर सुती साडी, वर कार्डिगन, पायात बूट. पासपोर्ट ब्रिटिश. 'आमच्याकडे' म्हणाल्या की ते इंग्लंड असतं, आणि 'घरी' म्हणाल्या की सातारा. मराठी पन्नास वर्षांपूर्वीची. आम्ही बोलताना निम्मी वाक्यं इंग्रजीत संपवतो, त्या मात्र अजून 'कार्य', 'जिन्नस', 'पाहुणेमंडळी' म्हणतात.

चित्रकला शिकायला त्या स्कॉलरशिपवर इंग्लंडला गेल्या, दोन वर्षांसाठी. कॉलेजच्या खिडक्या दुरुस्त करायला डेरेक नावाचा सुतार यायचा. त्या खिडक्या काही लवकर दुरुस्त झाल्या नाहीत, आणि पुढे त्याच्याशी त्यांनी लग्न केलं. रजिस्ट्रारच्या कचेरीत, दोन साक्षीदार : घरमालकीण आणि डेरेकचा एक पोस्टमन मित्र. "मग जेवण काय होतं ताई?" आमच्या सुधानं, म्हणजे माझ्या बायकोनं, डोळे विस्फारून विचारलं होतं. "तळलेले मासे आणि बटाटे. वर्तमानपत्रात गुंडाळून," कुमुदताई खो खो हसत म्हणाल्या. साताऱ्याहून मात्र चार ओळींचं पत्र आलं आणि पुढे काहीच आलं नाही. त्या चार ओळींत काय होतं, असंही सुधानं विचारलं. उत्तर म्हणून कुमुदताई उठल्या आणि आमचा सोफा त्यांनी खिडकीखालून काढून भिंतीकडे सरकवला. तो अजून तिथेच आहे.

डेरेकनं लाकडाचे ठसे कोरायचे आणि कुमुदताईंनी कापडावर छापायचे, असा त्यांचा संसार सुरू झाला. छापायचं काय, तर चैत्रांगण. चैत्रात गौर माहेरी येते म्हणून त्यांची आई अंगणात रांगोळीनं जी पन्नासेक चिन्हं काढायची, ती सगळी : कासव, शंख, गोपद्मं, तुळस, कोयरी, मधोमध झोपाळ्यावरची गौर. हे सगळं त्यांनी भांडी पुसायच्या फडक्यांवर छापलं. इंग्रज बायका त्या फडक्यांवर अशा तुटून पडल्या की ब्रायटनला एक दुकान निघालं, मग दुसरं, करता करता चार झाली. दुकानाचं नाव 'कोयरी'. कुमुदताईंचा फोटो तिकडच्या मासिकांत यायचा. लीनानं एक कात्रण दाखवलंय मला. साडी नेसलेली तरणीताठी बाई काउंटरवर चढून बसली आहे आणि पायाशी गिऱ्हाइकांची ही गर्दी.

पुढे मोठ्या दुकानांनी तसलाच माल स्वस्तात काढला आणि एकेक करत चारी दुकानं बंद झाली. हे लीनानं सांगितलं. कुमुदताई त्यावर बोलत नसत. फक्त 'सेल' लिहिलेली लाल पाटी दिसली की त्या मान फिरवत. अमेरिकेत हे फार अवघड आहे. त्यांना गाडीतून न्यायचं म्हणजे एकदा डावीकडे बघ, एकदा उजवीकडे बघ, अशी त्यांची मान सारखी हलत असायची. मला वाटे, बाईला स्वस्त मालाचं वावडं आहे, इंग्लंडचा तोरा, दुसरं काय.

बाकी त्यांचं चित्त थाऱ्यावर असायचं ते दुसऱ्यांच्या वस्तू लावण्यात. किरीटभाईंच्या किराणा दुकानात त्यांनी एका दुपारी सगळ्या डाळी रंगाप्रमाणे लावल्या. आठवडाभर कुणाला तूरडाळ सापडेना, पण मसूर पार संपली. आमच्या घरी आल्या की आधी धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीकडे वळायच्या. सुधाच्या हातच्या घडीचं एक टोक नेहमी बाहेर येतं. कुमुदताई एकेक कपडा काढून, झटकून पुन्हा घडी घालायच्या. सुधा चिडायची. "माझ्या घरात माझ्या घड्या!" म्हणायची. कुमुदताई ऐकून घ्यायच्या आणि पुढचा कपडा उचलायच्या.

दोन हजार सहा साली आमच्या केतकीचं लग्न ठरलं. मुलगा ब्रायन, माणसं अलाबामाकडची, सरळ. सुधानं एकच हट्ट धरला : विधी झाले की बाकी सगळं अमेरिकन पद्धतीनं करा, पण रुखवत मात्र साग्रसंगीत मांडायचं. आणि ते कुमुदताईंशिवाय कोण मांडणार?

"मी आता माल करत नाही," कुमुदताई म्हणाल्या. इतक्या सपाट आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. लीनानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, दुकानं बंद झाल्यापासून तिनं स्वतःचं असं काहीच बनवलं नाही. डॅडचे ठसे गॅरेजमध्ये खोक्यांत पडलेत. तिनं ती खोकी ओपनसुद्धा केली नाहीत."

आम्ही विषय सोडला. पंधरा दिवसांनी कुमुदताईंचा फोन. "विनायक, कार्याच्या हॉलचं दार कुठल्या बाजूला आहे रे?"

मी म्हटलं, म्हातारपणी वास्तुशास्त्र शिरलं की काय. पण तसलं काही नव्हतं. त्यांना घेऊन मी हॉल बघायला गेलो. टेपनं त्यांनी टेबलाची उंची मोजली, दारातून वीस वेळा आत-बाहेर केलं आणि निकाल दिला. "माणूस आत शिरला की उजवीकडे वळतो. टेबल इथे. कोपराच्या उंचीला. आणि बाहेर पडतानाही याच्यावरूनच गेला पाहिजे."

मग चार महिने लीनाच्या गॅरेजमध्ये गाड्यांना जागा नव्हती. दोऱ्यांवर कापडं वाळत होती. रुमालाएवढा एकेक चौकोन, प्रत्येकावर एक चिन्ह. सगळे मिळून केतकीच्या घरी एक अख्खं चैत्रांगण होणार होतं. एका संध्याकाळी मी इस्त्री करून देत होतो, तेव्हा कुमुदताई अचानक ठसा खाली ठेवून म्हणाल्या, "खरं सांग हो विनायक. हे कुणाला हवंसं वाटेल का आता? की म्हातारीचं मन राखायला 'नाइस, नाइस' म्हणतील?"

मी म्हटलं, वाटेल की. पण मी सिग्नलवाला माणूस, माझ्या शब्दाला काय किंमत? त्यांनी पुन्हा ठसा उचलला, माझ्याकडे बघतच दाबला, आणि ते कासव थोडं तिरकं उठलं.

लग्नाच्या दिवशी टेबल बघून मी स्वतः थबकलो. प्रत्येक चौकोन आपापल्या जागी ऐटीत मांडलेला, दोन चौकोनांत मोकळी जागा, शेजारी सुबक अक्षरात इंग्रजी चिठ्ठी : कासव, दीर्घायुष्यासाठी. शंख, शुभ वार्तेसाठी. मधोमध चौरंगावर मोठ्या कापडावर छापलेली गौर. सुधानं नटवलेले वधूवर-नारळ आणि पितळेची भातुकली बाजूला. कुणाचाही हात पुढे व्हावा असंच होतं सगळं. तिथेच घोटाळा झाला.

मंगलाष्टकं झाली, सप्तपदी झाली, जेवणं झाली, फोटो सुरू झाले. मी फेटा सावरत दाराकडे आलो, तर टेबल रिकामं होत चाललेलं. चोरी झाली म्हणावं तर चोर रांगेत उभे होते. ब्रायनकडची पाहुणेमंडळी शिस्तीत एकामागून एक येत होती, चिठ्ठ्या वाचत होती, आपापसांत "ओ, लुक ॲट धिस वन!" करत होती आणि एकेक चौकोन उचलून दाराबाहेर पडत होती. ब्रायनच्या आजीनं दोन्ही नारळ कडेवर घेतले होते. भातुकलीचा बंब एका उंच मामांच्या कोटाच्या खिशातून डोकावत होता.

"बाबा, दे थिंक इट्स फेव्हर्स!" केतकी हसून हसून खाली बसली. इथल्या लग्नात दाराजवळच्या टेबलावर पाहुण्यांसाठी छोट्या भेटी मांडतात आणि जाताना ज्यानं त्यानं आपली उचलायची असते. तीस वर्षं आम्ही या देशात अशा भेटी उचलतोय. पण आपलं रुखवत कुणी उचलून नेईल हे कुणाच्या डोक्यात येणार?

सुधाच्या डोळ्यांत पाणी. "अहो, बघताय काय? आणा परत!"

मी धावलो. जॉर्जियाच्या उन्हात, धोतरात, एका हातानं फेटा धरून पार्किंगमध्ये. ब्रायनची कॅरल मावशी गाडीत बसत होती. तिच्या हातात दोन चौकोन. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "आय टुक वन फॉर माय सिस्टर टू. इज दॅट ओके, हनी?" त्यातलं एक ते तिरकं कासव होतं.

मागून माझं उपरणं कुणीतरी ओढलं. कुमुदताई. धापा टाकत होत्या.

"खबरदार! गिऱ्हाइकाच्या हातातून माल परत घेतोस?"

कॅरल मावशीला त्यांनी हसून हात केला आणि गाडी वळणापार जाईपर्यंत बघत राहिल्या. मला वाटलं, चार महिन्यांचं काम गेलं, आता रडतील. मी म्हटलं, "ताई, सॉरी. मी लक्ष ठेवायला हवं होतं."

"तिनं कासव निवडलं. बघितलंस? आधी शंख घेतला होता, तो ठेवला आणि कासव उचललं." मग म्हणाल्या, "ब्रायटनच्या दुकानाचा शेवटचा दिवस होता ना, तेव्हा सगळ्यात आधी सेलची लाल पाटी लावली. कुणी आलं नाही. मग उरलेली फडकी खोक्यात भरून दाराबाहेर ठेवली. वर लिहिलं, फुकट न्या. दुसऱ्या दिवशी डेरेक आणि मी किल्ली द्यायला गेलो, तर खोकं जसंच्या तसं. एकानंही हात लावला नव्हता. डेरेकनं ते उचलून गाडीत ठेवलं."

उपरण्यानं मी तोंड पुसलं, घाम होता म्हणून, आणि नुसता घामच नव्हता.

"आणि आज बघ!" कुमुदताईंनी टाळी वाजवली. "दुकान रिकामं!"

आम्ही आत आलो. हॉलवाले खुर्च्या आवरत होते. टेबलावर फक्त मधली गौर उरली होती. चौरंगावर मांडलेली, म्हणून कुणी तिला हात लावला नसावा. सुधानं डोळे पुसत ती घ्यायला हात पुढे केला. "ही तरी राहिली केतकीला."

कुमुदताई टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "केतकीला मी दुसरं छापून देईन. सगळंच्या सगळं, ठसे आहेतच की. ही मी घेतली तर चालेल का गं?"

"अहो ताई, तुमचीच आहे. तुम्हीच केलीत."

"केलेली माझीच. पण मला कुणी दिलेलं नाही कधी रुखवत."

नवरा गेलेल्या बाईची ओटी भरावी की नाही, यावर आमच्या मराठी मंडळातल्या बायका दोन तास वाद घालतील. सुधानं कुणाला विचारलं नाही. "पदर पुढे करा," म्हणाली. अक्षतांच्या ताटातले मूठभर तांदूळ तिनं घेतले. नारळ अलाबामाला निघाले होते, म्हणून फळांच्या तबकातलं सफरचंद घेतलं. गौरीची घडी घातली आणि तिन्ही गोष्टी कुमुदताईंच्या ओटीत घातल्या. मग वाकून नमस्कार केला.

घडी नेहमीसारखीच होती, एक टोक बाहेर. मी वाट बघत होतो, आता काढतील, झटकतील, नीट करतील. कुमुदताईंनी पदर तसाच दोन्ही हातांनी पोटाशी धरला. मी त्यांना घरी सोडलं तेव्हाही ते टोक बाहेरच होतं.